टायमिंगला हात शेवटी लावा

चढाला चौथ्या गियरमध्ये पद्मिनीच्या बॉनेटखालून टाचण्या सांडल्यासारखा आवाज यायला लागला की गावातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. कोणी म्हणतं पेट्रोलात रॉकेल आहे, कोणी म्हणतं इथेनॉलने घात केला. उपाय मात्र सगळ्यांचा एकच: डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करा, टायमिंग जरा मागे घ्या. आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं.

मीही असाच खूश होऊन शहापूरहून निघालो होतो. किन्हवलीमार्गे सरळगावपर्यंत गाडी गप्प होती, पण ओढत नव्हती. टोकावडे गेलं, वैशाखरे मागे पडलं, आणि माळशेजचा चढ लागताच काटा लाल पट्टीत गेला. रेडिएटर उकळला. दिवस मे महिन्याचे. मुरबाडचा पारा तेव्हा चाळिशी ओलांडतो, पण खापर उन्हावर फोडण्यात अर्थ नव्हता. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरा जळतं. त्या आगीची ताकद पिस्टनला मिळत नाही, उष्णता एक्झॉस्टकडे आणि हेडच्या पाण्यात जाते. आवाज दाबला होता, रोग तसाच होता.

रोग कोणता, ते हेड उतरवल्यावर कळलं. या १०८९ सीसीच्या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं. गाडी एकदा जबर तापली की ते वाकतं. मग टर्नरकडे नेऊन ‘फेस’ मारून घेतात, म्हणजे घासून सपाट करतात. घासलं की ज्वलनाची जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. कॉम्प्रेशन वाढलं की इंजिन नॉक करतं, म्हणजे तोच टाचण्यांचा आवाज येतो; नॉक केलं की टायमिंग मागे, टायमिंग मागे गेलं की गाडी पुन्हा तापते, हेड पुन्हा वाकतं. माझ्या हेडने हा फेरा आधीच्या मालकांच्या हाती मारलेला होता. भर म्हणून पिस्टनवर कार्बनचा जाड थर. तोही जागा खातो, शिवाय लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो.

जुनी गाडी घेणाऱ्याने हे आधी ताडावं. कुर्ल्याला ही गाडी बनत होती त्या काळात ८७ ऑक्टेनचं साधं पेट्रोलही मिळायचं आणि त्यावर ती चालायची. आज पंपावर कमीत कमी ९१ ऑक्टेन मिळतं. चांगल्या पेट्रोलवर जर ती वाजत असेल, तर आत काहीतरी बदललंय. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजा. आकडा पुस्तकातल्यापेक्षा वर निघाला तर कार्बन नाहीतर घासलेलं हेड. हेड उतरवलंच आहे तर व्हर्नियरने जाडी मोजल्याशिवाय परत बसवू देऊ नका. फारच घासलेलं असेल तर जाड गॅस्केट किंवा दुसरं हेड. कार्बन काढताना लाकडी पट्टी वापरा; स्क्रू ड्रायव्हरने खरवडलेला पिस्टन मी पाहिलाय, पुन्हा पाहायची इच्छा नाही.

इथेनॉलचं म्हणाल तर ते अर्धं खरं आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे नॉक कमीच व्हायला हवं. पण शुद्ध पेट्रोलला एक भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास. जुना कार्ब्युरेटर हे ओळखत नाही. तो पूर्वीच्याच मापाने देत राहतो, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. प्लगचं पोर्सिलेन पांढरंफटक दिसलं तर मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा. त्याआधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा खेचली जात नाही ना, हे पाहा, नाहीतर जेट बदलून उपयोग नाही. जुन्या रबरी पेट्रोल पाइपांना इथेनॉल खातं. ते मी न विचारता बदलायला सांगेन.

डिस्ट्रिब्युटर उघडून आतली वजनं आणि स्प्रिंगा बोटाने हलवून पाहा. स्प्रिंग सैल झाली असेल तर कमी वेगातच टायमिंग भसकन पुढे जातं आणि नेमकं चढाला वाजतं. स्टॅटिक टायमिंग कितीही अचूक लावलं तरी हा दोष सापडत नाही.

हे सगळं झाल्यावर टायमिंग. पॉइंटचा गॅप आधी, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. पुलीवरची खूण पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून पिस्टन चाचपून एकदा पडताळा. मग पॉइंटच्या तारेला बारा व्होल्टचा बल्ब लावा, इग्निशन चालू ठेवा आणि पुस्तकातल्या अंशावर बल्ब पेटेल तिथे डिस्ट्रिब्युटर कसा. रोटर फिरतो त्याच दिशेने बॉडी फिरवली तर टायमिंग मागे येतं, उलट फिरवली तर पुढे.

चाचणी सपाट रस्त्यावर नको, आणि घाटमाथ्यावरही नको. माळशेजच्या माथ्यावर, सातशेक मीटरवर, हवा विरळ आणि गार असते, तिथे वाजणारी गाडीही शहाण्यासारखी वागते. पायथ्याच्या चढावर, इंजिन पुरतं तापलेलं असताना, तिसऱ्या गियरमध्ये पॅडल दाबा. गियर बदलताना क्षणभर हलकी टिकटिक आली तर चालेल. सलग वाजली तर एखादा अंश मागे घ्या. त्याहून जास्त मागे घ्यावं लागलं, तर पाना ठेवा आणि कॉम्प्रेशन गेज पुन्हा बाहेर काढा.