क्रोकसच्या कळ्या आतच का वाळल्या?

प्रश्न : आम्ही मिनियापोलिसला राहतो. क्रोकसचे कंद कुंडीत लावून फ्रिजमध्ये ठेवले होते. पाने आली, पण कळ्या वाळल्या. केशराचा क्रोकसही लावायचा आहे. काय करावे?

उत्तर : फ्रिजमध्ये सफरचंदे होती का, ते आठवून पाहा. पिकलेल्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कंदातली कोवळी कळी त्याने मरते. पाने मात्र येतात. वसंतातल्या क्रोकसला 2 ते 9 अंश सेल्सिअसची थंडी 12 ते 15 आठवडे हवी.

मला विचाराल तर या थंडीसाठी फ्रिजऐवजी अंगणात काचेच्या झाकणाची लाकडी पेटी करा. तिच्यात कुंड्या नुसत्या मांडून ठेवू नका, गारठा चारी बाजूंनी शिरतो. काठापर्यंत वाळूत पुरा, वर पेंढा घाला. खारींसाठी बारीक जाळी हवीच. माती जेमतेम ओलसर ठेवा. फेब्रुवारीतल्या उन्हानेही काच तापते, तेव्हा दुपारी झाकण थोडे उचला.

केशराचे गणित वेगळे. ते शरद ऋतूत फुलते आणि पाने हिवाळाभर हिरवी राहतात; पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांवरच पोसला जातो. म्हणून अंधारा फ्रिज त्याला चालणार नाही. काश्मीरमध्ये केशर पिकते त्या पांपोरला बर्फ पडतो, पण तुमच्याकडची उणे 25 ची थंडी तिथे नसते. कुंडी भरपूर उजेडाच्या, गार पण न गोठणाऱ्या खोलीत ठेवा. पाने पिवळी पडली की पाणी तोडा. कंद ऑगस्टमध्येच मागवा. उशीर झाला तर ते पिशवीतच फुलतात.