देशमुखांचा मुलूख होता का?

प्रश्न : जर्मनीच्या जुन्या इतिहासात सॅक्सनीचा ड्यूक, हेसचा लँडग्राफ, ब्रँडेनबुर्गचा मार्कग्राफ अशी नावं येतात. पदवी आली की मुलूख आलाच. आमच्या गेवराईकडे देशमुख, पाटील, जहागीरदार आडनावांची घरं आहेत. त्यांचेही असे मुलूख होते का? आणि यांत मोठं कोण?

उत्तर : देशमुखाचा परगणा, म्हणजे अनेक गावांचा गट, असे आणि पाटलाचं गाव असे, पण दोघंही तिथले राजे नव्हते. त्यांच्याकडे होतं ते वतन, म्हणजे काम आणि त्या कामाबरोबर येणारा वंशपरंपरेचा हक्क. परगण्यातली वसुली उभी करायची, रयतेला जमिनीवर टिकवून धरायचं, त्याबदल्यात इनाम जमीन, वसुलीतला ठरलेला वाटा आणि मानपान घ्यायचा. अहमदनगरची निजामशाही गेली, मुघल आले, पुढे हैदराबादचे निजाम आले, तरी वतनं बहुतेक टिकली. नव्या सरकारला गावोगावची माहिती आणि वसूल या वतनदारांशिवाय मिळत नसे.

वतन भावांत वाटलं जाई, अडचणीत त्याचा हिस्सा विकलाही जाई. होळीचा मान कुणाचा, पोळ्याला कुणाचे बैल पुढे, यावरून पिढ्यानपिढ्या तंटे चालत. गोतसभा बसे, साक्षी होत, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. आज हे क्षुल्लक वाटेल. पण मान गेला तर वतनावरचा दावाच कच्चा पडे, म्हणून माणसं त्यासाठी जिवावर उदार होत.

जहागीर निराळी. ती दरबार देई आणि दरबारच काढून घेई. फौज बाळगायची आणि तिच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या गावांचा महसूल खायचा. सिंदखेडच्या लखुजीराव जाधवांच्या घरात दोन्ही होतं. सिंदखेडची देशमुखी घरातच राहिली, चाकरी मात्र कधी निजामशाहीची तर कधी मुघलांची.

बीडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. सुलतानजी निंबाळकर हे साताऱ्याच्या छत्रपती शाहूमहाराजांचे सरलष्कर, म्हणजे मोठे सेनाधिकारी. ते निजामाला जाऊन मिळाले आणि बीडची जहागीर त्यांच्याकडे आली. सरलष्कर हे पद साताऱ्याच्या गादीचं, बीडची गावं निजामाच्या सरकारची. पदवी आणि मुलूख दोन वेगळ्या दरबारांतून आले आणि एकाच माणसापाशी जमले! शहराच्या पूर्वेच्या टेकडीवरचं खंडोबाचं देऊळ आणि त्यासमोरच्या दीपमाळांशी निंबाळकरांचं नाव आजही जोडलं जातं.

त्याच जमिनीवर आणखी एक हक्क होता. 1719 साली मुघल बादशहाने शाहूमहाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा दिल्या. बीड औरंगाबाद सुभ्यात येई. म्हणजे निजामाच्या ताब्यातल्या बीडच्या महसुलावर साताऱ्याचा 25 टक्के चौथाईचा आणि 10 टक्के सरदेशमुखीचा दावा. खाली देशमुखाचा हक्क, पाटलाचा हक्क आणि मधे जहागीरदार. एकाच शेताच्या उत्पन्नाकडे इतके हात पुढे येत. अशा मुलखाचा एक मालक दाखवणारा नकाशा काढता येत नाही.

जर्मन प्रदेशातही असा गुंता होता. एकाच खेड्यात जमिनीचा धनी एक, न्यायनिवाड्याचा अधिकार दुसऱ्याचा आणि धान्याचा दशमांश तिसऱ्याचा, असं सर्रास असे. ग्राफ म्हणजे काउंट, हाही मुळात राजाने नेमलेला अधिकारी. काम वंशपरंपरेचं झालं, इथपर्यंत त्याची आणि देशमुखाची वाट एकच आहे. पुढे फाटा फुटतो. तिकडे जो थेट सम्राटाच्या हाताखाली असे, तो आपल्या मुलखात जवळजवळ राजाच होई. असे सुमारे 300 लहानमोठे प्रदेश होते. 1803 ते 1806 या काळात त्यांतले बहुतेक शेजारच्या मोठ्या राज्यांत विलीन झाले, पदव्या मात्र घराण्यांकडेच राहिल्या. आपल्याकडे देशमुखाच्या डोक्यावर कुठलं तरी मजबूत सरकार सतत राहिलं, म्हणून मला वाटतं त्याचा राजा कधी झाला नाही.

हैदराबादच्या दरबारी किताबांचा तर जमिनीशी संबंधच नव्हता. जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह अशी चढती पायरी होती. पण किताबाबरोबर गाव मिळेलच असं नव्हतं. पुढे हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी 1860च्या दशकात जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याचे जिल्हे पाडले, आणि वसुली पगारी अंमलदारांकडे दिली. देशमुखांचं आणि परगण्याचा हिशेब ठेवणाऱ्या देशपांड्यांचं काम गेलं, हातात हक्काची रोख रक्कम, म्हणजे रुसूम, उरलं. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी ‘अव्वल तालुकदार’ झाला. त्याच काळात अवधमध्ये तालुकदार म्हणजे बडा जमीनदार! नाव तेच, पण एक नोकर आणि दुसरा धनी. जहागिरी टिकल्या त्या 1949 पर्यंत. हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर वर्षभरातच त्या खालसा झाल्या.

मोठं कोण, याचं उत्तर असं : पाटलाच्या वर देशमुख हे खरं, पण जहागीरदार त्या उतरंडीतला नव्हेच. तो दरबारचा माणूस. लहान जहागीरदाराची दोन-तीनच गावं असत आणि देशमुखाचा परगणा त्याहून कितीतरी मोठा असे.

जर्मनीत 1919च्या वायमार राज्यघटनेने सरदारी पदव्यांना फक्त नावाचा भाग म्हणून ठेवलं. पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री राहिलेले ओटो ग्राफ लाम्सडोर्फ यांच्या नावातला ‘ग्राफ’ तसाच. आपल्याकडे देशमुख आणि जहागीरदार आडनावांत राहिले. तुमच्या ओळखीच्या घरांत मोडी किंवा फारसी कागद असतील, तर ते जाणकाराकडून वाचून घ्या. हक्क परगण्याचा लिहिला असेल तर ते देशमुखीचं वतन. फौजेच्या खर्चासाठी गावं नेमून दिली असतील तर ती जहागीर.