घरी परतलेल्या आजींचं ताट

॥ श्रीराम समर्थ ॥



या आठवड्याचा अभ्यास स्वयंपाकघरात उभं राहून वाचायचा आहे. गेल्या दोन महिन्यांत आपल्या सप्तापूरच्या गटातल्या तीन घरांत वडीलधारी माणसं दवाखान्यातून घरी आली. एकाकडे खुब्याचं ऑपरेशन, एकाकडे न्यूमोनिया, एकाकडे तापानंतरचं नुसतं अशक्तपण. तिन्ही घरांतून प्रश्न एकच आला, "आता खायला काय द्यायचं?" आणि एका सूनबाईंनी हळूच पुढे विचारलं, "आजी एकादशी सोडायला तयार नाहीत, काय करू?"

महाराजांनी मातोश्री गीताबाईंना काशी-प्रयाग करून अयोध्येपर्यंत नेलं आणि तिथेच त्यांनी देह ठेवला, हे चरित्रात आपण सगळ्यांनी वाचलं आहे. त्या थकलेल्या माउलीला प्रवासात वेळेवर काय मिळत असेल, ते कोण मऊ करून देत असेल, हे वाचताना सहसा मनात येत नाही. घरात आजारी माणूस असलं की मात्र दिवसातून पाच वेळा तेच काम समोर उभं राहतं.

आपल्या घरांमध्ये आजारपणाचं जेवण म्हणजे साबुदाण्याची खीर, पेज, चहा-बिस्किट आणि डाळीचं वरचं पाणी. पहिले एक-दोन दिवस, तोंडाला चव नसताना, हे ठीक आहे. पण तीन-तीन आठवडे तेवढ्यावरच माणूस ठेवलं तर ते उठणार कसं? साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिष्टच असतो. डाळीच्या निवळीत मीठ आणि चव उतरते, डाळ खाली पातेल्यातच राहते. मांसाहार करणाऱ्या घरांत अळणी रस्सा देतात, त्याचंही तेच. ताकद फोडीत आहे, नुसत्या रश्श्यात थोडीच.

म्हातारपणी अंथरुणावर पडून राहिलं की स्नायू फार लवकर झिजतात. निरोगी वृद्धांना दहा दिवस बिछान्यावर ठेवून पाहिलेल्या एका अभ्यासात तेवढ्या काळात पायांचं जवळजवळ किलोभर मांस घटलं होतं. आपल्या आजी तर आजारी होत्या. झीज भरून यायला प्रथिनं लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम सांगितली आहेत. आजारातून उठणाऱ्या वृद्धांना १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत द्यावीत, असं वृद्धांच्या आहाराचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या आजींना साठ ग्रॅमच्या पुढे. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी हा आकडा स्वतःच्या मनाने धरायचा नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच.

साठ ग्रॅम ऐकून सूनबाई घाबरतात आणि मुलगा औषधाच्या दुकानातून पावडरचा डबा आणतो. काही वेळा डॉक्टरच तो लिहून देतात, तेव्हा द्यावा. एरवी आधी घरात काय आहे ते मोजून बघू. दिवसभरात दोन पेले दूध झालं तर बारा-तेरा ग्रॅम. पन्नास ग्रॅम कच्ची डाळ शिजवून दोन वेळेला मिळून पोटात गेली तर बारा. वाटीभर घट्ट दही पाच, पन्नास ग्रॅम पनीर नऊ, मूठभर शेंगदाण्यांचं कूट सहा. वर भात-भाकरी-आंबिलीचं दीडशे ग्रॅम धान्य धरलं तर आणखी तेरा-चौदा. साठाच्या अगदी जवळ आलो की नाही! ज्यांच्याकडे अंडं चालतं त्यांना एका अंड्याचे सहा ग्रॅम वेगळे.

आता हे सगळं मऊ, थोडं थोडं आणि रुचकर कसं करायचं?

मुगाचं कढण सगळ्यात आधी. लहान वाटीभर मूगडाळ कोरडीच वास येईपर्यंत भाजा, चौपट पाण्यात आल्याच्या तुकड्यासह अगदी गळेपर्यंत शिजवा आणि रवीने घोटा. गाळायचं नाही, हे महत्त्वाचं. तूप-जिरं-हिंगाची फोडणी, उतरवल्यावर लिंबू. हे पेल्यातून पिता येतं, त्यामुळे बसवत नसलेल्या माणसालाही सोयीचं. दुसऱ्या दिवशी त्यातच किसलेला दुधी किंवा पालक टाका, म्हणजे "रोज तेच" असं होत नाही.

खिमटाचा रवा एकदाच करून ठेवावा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ धुऊन, फडक्यावर वाळवून, मंद भाजून जाडसर दळायची. कोरड्या डब्यात पंधरा दिवस छान राहतो. भूक लागली म्हणताच तीन चमचे रवा, दोन वाट्या पाणी, आठ मिनिटांत खिमट तयार. वर तूप, मेतकूट, हवं तर कुस्करलेलं पनीर. रात्री अडीच वाजता आजींना भूक लागते तेव्हा याची किंमत कळते. गुरगुट्या भातही असाच, फक्त त्याला वेळ लागतो.

आपल्या धारवाडकडे नवणे, म्हणजे राळे, सहज मिळतात. अर्धा तास भिजवून मूगडाळीबरोबर खिचडी केली तर भातापेक्षा वेगळी चव येते. नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलं की आंबील होते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून हाड मोडलेल्यांना ही जरूर द्यावी. दात चालत असतील तर ज्वारीची भाकरी कढणात कुस्करून, वर शेंगा हिंडी, पण तिखट अगदी बेताचं. गोड हवंच असेल तर खपली गव्हाची पातळ हुग्गी, दूध घालून. या खपलीच्या वाणांवर आपल्याच कृषी विद्यापीठात काम झालं आहे, आणि आपण मात्र परगावच्या दुकानातून पाकीट मागवतो! असो. मधुमेह असेल तर हुग्गी नको. पेज आणि मऊ भातानेही साखर भराभर चढते, तिथे कढण, पनीर यांचं माप वाढवावं.

ताट भरून समोर ठेवू नका. आजारी माणसाला भरलं ताट बघूनच नको होतं. लहान वाटी, दर अडीच-तीन तासांनी, दिवसातून सहा वेळा. उतारवयात तहान कळत नाही, म्हणून पाणी मागायची वाट न पाहता द्यावं. जेवताना पाठ सरळ, पाय टेकलेले, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. लकवा होऊन गेलेल्यांना पाण्यासारखं पातळ गिळताना ठसका लागतो, घट्टसर सोपं जातं. तिथे किती घट्ट द्यायचं हे डॉक्टरांकडूनच समजून घ्यावं. पडून असताना तोंडात पाणी ओतणं फार धोक्याचं आहे.

आता एकादशीचं. आजींचा साठ वर्षांचा नेम आहे, तो "जुनाट" म्हणून उडवून लावला तर त्यांचं मन मोडेल आणि जेवण आणखी कमी होईल. त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलू. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो की आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, मुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध, या त्या आठ. बघा, दूध आहे, फळ आहे, औषधही आहे. आजारी आणि वृद्धांना उपासातून सूट आपल्या शास्त्रानेच दिलेली आहे. म्हणून एकादशीला दूध, दही, पनीर, शेंगदाण्याचं कूट घातलेली राजगिऱ्याची लापशी, केळं एवढं तरी द्यावंच. औषधाची वेळ चुकवायची नाही, आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी राहणं जिवावर बेतू शकतं. उपासाच्या नेमाऐवजी त्या दिवशी चार माळा जास्त नाम, हे बऱ्याच आजींना पटतं. कढणाची वाटी आधी रामरायासमोर ठेवून मग प्रसाद म्हणून दिली तर ती परत येत नाही, हाही आपल्या गटाचा अनुभव. त्यात काय आहे हे मात्र त्यांना सांगूनच द्यायचं, फसवून नाही.

गोळ्यांचं थोडक्यात: लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू किंवा बंद करू नका. भेटायला येणारे शहाळं आणतात, पण किडनीचा त्रास असणाऱ्यांना ते विचारल्याशिवाय देऊ नये.

सप्तापुरात कितीतरी घरांत दोघंच म्हातारी आहेत, मुलं पुण्याला नाहीतर बंगळुराला. गल्लीत क्लासची मुलं आणि खानावळी पुष्कळ, पण खानावळीचं जेवण या माणसांना झेपत नाही. म्हणून गटातून डबा देताना एक व्हावं: एकाच दिवशी चार घरांतून शिरा आणि लाइन बाजारचा पेढा जाऊ नये. कोणता वार कुणाचा हे ठरवून घ्या आणि डब्यावर चिठ्ठी लावा, मीठ कमी की नेहमीचं, साखर आहे की नाही. डबा देऊन लगेच निघू नका, दहा मिनिटं बसा. सोबत कुणी असलं की चार घास जास्त जातात.

दर गुरुवारी वजन करून वहीत लिहा. वजनकाटा नसेल तर हातातल्या बांगड्या बघा, सैल होत असतील तर खाणं कमी पडतंय. जेवताना वारंवार ठसका, पुन्हा ताप, पायांवर सूज, किंवा दोन दिवस जवळजवळ काहीच न खाणं, यातलं काहीही दिसलं तर गटात विचारत न बसता डॉक्टरांना फोन करा.

डब्याचे वार ठरवायला या गुरुवारी नामस्मरणानंतर बसू. ज्यांना खिमटाचा रवा हवा आहे त्यांनी बुधवारपर्यंत कळवावं, एकदम दळून ठेवू.

जय श्रीराम.