मौद्यावरून मागे फिरावे

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कन्हान नदीच्या काठी मौदा हे तालुक्याचे गाव आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून ते सरळ रेषेत सुमारे ३६ किलोमीटर भरते. भंडारा सुमारे ६२ किलोमीटर. हे दोन आकडे ध्यानात ठेवा. पुढे आपणांस त्यांचा उपयोग करावयाचा आहे.

बॅटरीवर उडणारे विमान ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. स्लोव्हेनिया या युरोपातील लहानशा देशात बनलेल्या ‘व्हेलिस इलेक्ट्रो’ या दोन आसनांच्या विमानास १० जून २०२० रोजी युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने प्रमाणपत्र दिले. केवळ विजेवर चालणाऱ्या विमानास असे प्रमाणपत्र जगात प्रथमच मिळाले. हे विमान मुख्यत्वे नवशिक्यांसाठी आहे. माणसांसह त्याचे वजन ६०० किलोंपेक्षा अधिक असता कामा नये. त्याच्या दोन बॅटऱ्यांत मिळून सुमारे २५ युनिट वीज मावते.

दांडा, पेडले, वळणे, उतरणे हे सारे शिक्षण इतर विमानांसारखेच असते. मात्र जमिनीवर उभे असताना या विमानाचा पंखा स्तब्ध असतो, आवाज मुळीच नसतो. तरी मोटर चालू असेल तर तो एका क्षणात फिरू लागेल. म्हणून त्याच्या जवळ जाताना कानांवर विसंबून चालत नाही. दुसरी गोष्ट वजनाची. पेट्रोल जळते तसे विमान हलके होते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते. शिवाय एक किलो पेट्रोलमधील ऊर्जा साठविण्यास पन्नास किलोंहून अधिक बॅटरी लागते! विजेची मोटर ऊर्जा फार कमी वाया घालविते, म्हणूनच हे विमान उडू शकते.

आता समजा, असे विमान घेऊन आपण सोनेगावहून पूर्वेस निघालो. वेग ताशी १६० किलोमीटर आहे. बॅटरी नवी असेल तर सुमारे ५० मिनिटे उडता येते आणि अडचणीसाठी थोडी वीज राखीव उरते. पश्चिमेचा वारा ताशी ४० किलोमीटर वेगाने पाठीमागून वाहत आहे. त्यामुळे आपण ताशी २०० किलोमीटर वेगाने जाऊ आणि अकरा मिनिटांत मौदा खाली दिसेल. मापकावर वीज भरपूर आहे. भंडारा तर आठच मिनिटांवर! पुढे जाण्याचा मोह कोणाला होणार नाही?

तोच शेजारी बसलेले शिक्षक विचारतात, “परतीचा हिशेब काय?”

परतताना तोच वारा समोरून येणार, म्हणजे वेग ताशी १२० किलोमीटर. मौद्यावरून परत येण्यास १८ मिनिटे, एकूण २९. भंडाऱ्याहून ३१ मिनिटे. जाण्याची १९ धरून एकूण ५०. वर चढताना अधिक वीज लागते, ती तर आपण धरलेलीच नाही. तेव्हा मौद्यावरून वळलेले बरे.

वळताना खाली औष्णिक वीजकेंद्र दिसेल. त्याची क्षमता २३२० मेगावॅट आहे. ते पूर्ण शक्तीने चालले तर एका सेकंदात अशा पंचवीस विमानांच्या बॅटऱ्या भरण्याइतकी वीज निर्माण होईल. ती वीज मात्र कोळशाची! विमान धूर सोडीत नाही, पण कोळशाच्या विजेवर बॅटरी भरली तर तो धूर मौद्यासारख्या ठिकाणच्या धुराड्यांतून निघतो. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर भरली तर ही उणीव बरीच दूर होते.

आपल्या देशातही हे काम चालू झाले आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘ई-हंसा’ हे दोन आसनांचे विद्युत् शिक्षणविमान विकसित होत असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. याच प्रयोगशाळेचे पेट्रोलवर चालणारे ‘हंसा’ १९९३ मध्ये प्रथम आकाशात गेले होते.