खेड्यातील दुकानाची जुनी वही

माळा आवरताना लाल कापडी बांधणीची लांबट वही निघाली, की पुष्कळ घरांत ती रद्दीत जाते. कारण आतील मोडी अक्षर आता कोणास लागत नाही. निपाणी-बेळगाव भागातील अशी वही कशी पाहावी, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

वह्या मुख्यतः दोन. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार झाला त्या क्रमाने मांडीत. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या नावाखाली नेत. कागदास छापील रेघा नसत. पानास घड्या घालून सळ पाडलेले असत व रकमा त्या सळांच्या आधाराने लिहीत. वर्ष पुष्कळ ठिकाणी दिवाळीपासून धरीत, लक्ष्मीपूजनास नव्या वहीची पूजा होई. म्हणून तारखेऐवजी शके व मिती दिसली तर गोंधळू नये.

आकड्यापुढील उभ्या रेघांकडे मात्र नीट पाहावे. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण; तेव्हा ३॥ हे साडेतीन होत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. धान्य मापाने जाई: दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. वजनाचा शेर निराळा, ऐंशी तोळ्यांचा. ही दोन्ही एकच समजल्यास सगळा हिशेब फसतो.

माल काय असे? मीठ, गूळ, संकेश्वरी मिरची, खोबरे, सुपारी, घासलेट, काडेपेटी; पुढे चहा-साखर आणि अंगाचा साबण. रेल्वे येण्यापूर्वी समुद्रमार्गाचा माल वेंगुर्ले बंदरातून घाट चढून बेळगावास येई. सुई, दोरा, खिळे, कापूर हेही त्याच दुकानात. सणाच्या आठवड्यात गुळाच्या नोंदी वाढलेल्या दिसल्या, तर घरात पुरणपोळी झाली हे वहीच सांगते!

खरा प्रश्न उधारीचा. तंबाखू पिकविणाऱ्याच्या हाती मोठी रक्कम येई ती माल विकल्यावर. तोवर घर दुकानाच्या वहीवर चाले. ज्याच्या नावे रक्कम पडे त्यास बहुधा ती वाचता येत नसे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली, ती याच जाचातून. आणि १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यास पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. १८७२ च्या पुरावा कायद्यातही नियम होता, की नियमित ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते, पण केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे बसत नाही. त्याशिवाय विकलेल्या मालाच्या येण्यास तीन वर्षांची मुदत. म्हणून चतुर दुकानदार मुदत संपण्यापूर्वी बाकी काढून ऋणकोची सही वा अंगठा घेई. बाकी वीस रुपयांवर असेल तर वर एक आण्याचे तिकीट लावी. खतावणीत असे तिकीट दिसले, की तेथे जुने देणे नव्याने कबूल झाले असे समजावे. आमच्या मते सबंध वहीत सर्वांत काळजीपूर्वक वाचावे ते हेच पान.

१ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, तेव्हा कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे सहा आणि तीन आण्यांचे एकोणीस पैसे धरीत. म्हणजे आण्याआण्याची सोळा गिऱ्हाइके झाली, तर रुपयाचे शहाण्णवच पैसे गल्ल्यात पडत. त्या सुमाराच्या वह्यांत आणे आणि पैसे शेजारी शेजारी लिहिलेले आढळतात. पाठोपाठ १९५८ पासून किलोग्रॅम आला, आणि शेर मागणाऱ्यास दुकानदार नऊशे तेहतीस ग्रॅमचा हिशेब सांगू लागला.