डोंगरधारेची पायवाट आणि शेताचे बांध

पन्हाळा ते पावनखिंड ही डोंगरधारेची वाट जुलै १६६० मधील रणसंग्रामामुळे सर्वांच्या परिचयाची आहे. मसाई पठार ओलांडल्यावर ती वाड्यावस्त्यांतून, भात-नाचणीच्या बांधांवरून पांढरपाण्याकडे जाते. दरवर्षी जुलैमध्ये या वाटेने पदभ्रमंती मोहिमा निघतात. २०२५ मध्ये पन्हाळगडाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याने ही वर्दळ वाढण्याचीच शक्यता आहे. मात्र नेमका हाच काळ रोप लावणीचा असतो. खाचरात पाणी भरलेले असते, बांध ओले असतात आणि खेकड्यांनी पोखरलेला बांध तर एका माणसाच्या वजनानेही बसतो.

अशाच एका डोंगरवाटेवरील शेताची पाहणी करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्रासलेल्या शेतकऱ्याने वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. त्याचा त्रास खरा होता, पण उपाय उलटला. लोकांनी फांद्या टाळून नाचणीतून तीन नव्या वाटा पाडल्या आणि वरचा बांध दोन ठिकाणी फुटला. खालचे खाचर त्याच्या सख्ख्या भावाचे. त्यात मुरूम-गोटे येऊन लावण गाडली गेली आणि दोघा भावांचे बोलणे बंद झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नुकसान पायांनी कमी व पाण्याने जास्त होते. सतत पाय पडून माती दबते, गवत मरते, पाणी मुरत नाही आणि वाट शेतापेक्षा खोल होते. मग पावसाचे पाणी तिलाच पाट समजून वाहू लागते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते, म्हणून सरळ उताराला उतरणारी वाट दोन-तीन पावसाळ्यांत घळ बनू शकते.

यासाठी वाट एकच ठेवावी व तिची जागा आपण ठरवावी. ती उताराला तिरपी न्यावी. शक्यतो १० मीटर अंतरात १ मीटरपेक्षा जास्त चढ नसावा. जुन्या वाटेवर दर १० ते १५ मीटरवर, तीव्र उतारावर त्याहून जवळ, दगडांची तिरपी ओळ घालावी. दगड दोन-तृतीयांश जमिनीत पुरावेत आणि तीन-चार बोटे वर ठेवावेत. ओळीचे खालचे टोक गवताळ पट्ट्यात सोडावे. बरेच जण ओळ आडवी सरळ घालतात, त्यामुळे पाणी तुंबून दगडांसह निघून जाते. काही जण टोक शेजाऱ्याच्या शेतात सोडतात, त्याचे काय होते ते वर आलेच आहे.

बांध एकाच ठिकाणी ओलांडू द्यावा, सांडव्यावरून कधीही नाही. तेथे दोन्ही बाजूंनी सपाट दगडांच्या पायऱ्या बसवाव्यात व माथ्यावरही दगड अंथरावेत. वाटेच्या खालच्या कडेला पावसाळ्याच्या सुरुवातीस १५ सें.मी. अंतरावर वाळ्याचे ठोंब लावावेत. दगडकाम मात्र मेअखेर उरकावे.

वाट अडवण्यापूर्वी गाव नकाशा अवश्य पाहावा. वहिवाटीच्या रस्त्यावरील अडथळा काढण्याचा आदेश मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदार देऊ शकतात. उलट, खासगी जमिनीतून नवी वाट २० वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून व अखंड वापरली गेल्यास भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ अन्वये तिच्यावर हक्क सांगता येतो. मालकाशी झालेल्या करारानुसार केलेला वापर त्यात धरला जात नाही. म्हणून मोहिमेच्या आयोजकांकडून दरवर्षी लेखी अर्ज घ्यावा आणि परवानगीत तारीख, वाट व बांध ओलांडण्याची जागा नमूद करावी. अर्ज लावणीपूर्वी आला तर ओल्या खाचरांना वळसा घालणारी वाट आयोजकांना शेतावर नेऊन दाखवता येते.