चुंबकाची साक्ष

तारेतून वीज वाहू लागली की तार थोडीफार तापते. विजेच्या वाटेत येणाऱ्या या अडथळ्याला रोध म्हणतात. १९११ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे कॅमरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. पदार्थाच्या या गुणधर्माला अतिसंवाहकता असे नाव आहे. पुढे १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञांना असे आढळले की, अतिसंवाहक झालेला पदार्थ आपल्या अंतर्भागातील चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो. तेव्हापासून चुंबकाची साक्ष ही अतिसंवाहकतेची खरी कसोटी मानली जाते. कारण रोध शून्य झाल्याचा भास तारांच्या सदोष जोडणीमुळेही होऊ शकतो.

एवढी थंडी टाळता येईल काय? हायड्रोजनचे अणू अतिशय हलके असतात व वेगाने कंप पावतात. या कंपनांमुळे अतिसंवाहकतेला लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळण्यास मदत होते. म्हणून धातू व भरपूर हायड्रोजन यांच्या संयुगांकडे, म्हणजेच हायड्राइडांकडे, शास्त्रज्ञ वळले. मात्र त्यांना प्रचंड दाब द्यावा लागतो. ऐरणीवर हिऱ्याची पारख होते, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. येथे हिराच ऐरण होतो. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये केसाच्या जाडीहूनही बारीक कण दाबला जातो. माइन्झ येथील मिखाईल एरेमेट्स यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवून दिले की, हवेच्या दाबाच्या सुमारे १७ लाख पट दाबाखाली लँथॅनम हायड्राइड उणे २३ अंशांनाच अतिसंवाहक होते. काश्मीरजवळच्या द्रासला कडक हिवाळ्यात याहूनही अधिक थंडी पडते!

परंतु एवढ्याशा कणाची चुंबकीय साक्ष काढायची कशी? त्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या साच्याचे चुंबकत्व त्याच्या कितीतरी पट मोठे असते. बाजारातल्या गलबल्यात कुजबुज ऐकण्यासारखेच हे काम. त्यावर याच गटाने २०२३ मध्ये एक युक्ती योजली. थंड कणाला चुंबकीय क्षेत्र लावायचे, मग ते काढून घ्यायचे आणि कणात अडकून राहिलेले चुंबकत्व मोजायचे. बाहेरचे क्षेत्रच नसल्याने साच्याचा गलबला जवळजवळ शमतो.

ही दक्षता अनाठायी नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेतील एका गटाने ल्युटेशियमचे हायड्राइड खोलीच्या तापमानालाच अतिसंवाहक होते, असा दावा मार्चमध्ये प्रसिद्ध केला. इतरांच्या प्रयोगांत तो टिकला नाही आणि नोव्हेंबरमध्ये तो निबंध मागे घेण्यात आला.

२०२४ मध्ये तर ऐरणीलाच साक्षीदार करण्यात आले. हिऱ्याच्या टोकाजवळ नायट्रोजनच्या अणूला लागून एका अणूची जागा रिकामी असलेले दोष मुद्दाम निर्माण केलेले होते. हिरव्या लेसर प्रकाशात अशा जागा चमकतात आणि चुंबकीय क्षेत्र बदलले की त्यांच्या चमकेत फरक पडतो. सेरियम हायड्राइडच्या कणावर हा प्रयोग झाला, तेव्हा कणाचा कोणता भाग चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो आणि कोणता नाही, याचा नकाशाच शास्त्रज्ञांच्या हाती आला.